उतारा कुणाच्या नावावर आहे?

अण्णांना कुठेही जेवायला नेलं की पहिला घास घ्यायच्या आधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "जागा यांची स्वतःची का भाड्याची?" नाशिकच्या सिटी सर्व्हे ऑफिसात एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. मिळकत पत्रिका, मोजणीचे नकाशे, वारसनोंदी, हद्दीच्या हातभर जागेवरून बोलणं टाकलेले सख्खे भाऊ, ह्यातच आयुष्य गेलेलं. मिसळ कशी आहे ते नंतर सांगणार, आधी उतारा.

२००४ च्या जूनमध्ये आई आणि अण्णा आमच्याकडे लंडनला सहा आठवडे राहायला आले होते. तेव्हा स्ट्रँड ह्या रस्त्यावरच्या इंडिया क्लब नावाच्या जेवणघरात, दुसऱ्या मजल्यावर, फॉर्मायकाच्या टेबलाशी बसून त्यांनी हाच प्रश्न विचारला. वाढणारे काका पाण्याचा जग ठेवत होते. मला कानकोंडं झालं. "अण्णा, हळू," म्हटलं, "इथे असं कुणी विचारत नाही."

इंडिया क्लब १७ सप्टेंबर २०२३ ला, रविवारी, बंद झाला. जागा भाड्याची होती.

बरेच दिवस ह्यावर लिहायचं मनात होतं आणि बसणं होत नव्हतं. गेल्या आठवड्यात कामावरून येताना त्या दारावरून गेले, आणि घरी आल्यावर कुकर लावायच्या आधीच लिहायला बसले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. १४३, स्ट्रँड. समरसेट हाउसच्या जवळ, रस्त्याला लागून एक साधं दार. वर स्ट्रँड काँटिनेंटल नावाचं स्वस्तातलं हॉटेल, आणि त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर बार, दुसऱ्यावर जेवणघर. पाटी इतकी लहान की पहिल्या खेपेला मी दोनदा पुढे निघून गेले होते. आत शिरलं की सरळ जिना. अरुंद, उंच पायऱ्यांचा, एक माणूस उतरत असेल तर दुसऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं असा. त्या जिन्यात फोडणीचा वास यायचा. लंडनमधल्या कुठल्याही चकचकीत भारतीय रेस्टॉरंटमध्ये तो येत नाही, तिथे सगळे वास यंत्राने ओढून बाहेर टाकलेले असतात. इथे पहिल्या पायरीवर मोहरी, पंधराव्या पायरीवर कांदा.

वर गेलं की खोली एकदम उजेडाची. मोहरीच्या रंगाकडे झुकलेल्या भिंती, सरळ पाठीच्या खुर्च्या, फॉर्मायकाची टेबलं, पांढऱ्या कोटातले वाढपी. भिंतीवर गांधीजी. आणि दादाभाई नौरोजी, पांढऱ्या दाढीतले, १८९२ साली ह्याच शहरातल्या फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले. लोक म्हणायचे, खोलीत शिरलं की पन्नास वर्षं मागे गेल्यासारखं वाटतं. मला तसं कधी वाटलं नाही. मला नाशिकला गेल्यासारखं वाटायचं, आणि नाशिक माझ्यासाठी मागे नव्हतं, फक्त लांब होतं.

मी पहिल्यांदा गेले ती १९९९ च्या जानेवारीत. लग्न होऊन इथे येऊन चारेक महिने झाले होते. टेंपल नावाच्या वकिलांच्या भागाजवळ कायद्याच्या पुस्तकांच्या एका ग्रंथालयात मला नुकतंच काम मिळालं होतं. पुस्तकं परत जागेवर लावायची, नवे अंक नोंदवायचे, कुणी वकील घाईघाईत आला की त्याला हवा तो खंड काढून द्यायचा. दुपारी सगळे थंड सँडविच घेऊन आपापल्या टेबलाशी बसायचे. मला ते थंड, ओलसर पाव-काकडीचं जेवण गिळवत नसे. डबा नेला तर वास येईल ही धास्ती. पहिले दोन महिने मी दुपारी केळं आणि चहा ह्यावर काढले, हे आईला मी कधीच सांगितलं नाही.

इंडिया क्लबाचं नाव मला आमच्या ग्रंथालयाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. घानाचा माणूस. म्हणाला, तुमच्या लोकांची जागा आहे, मिरची खरी असते. मी एकटी गेले. जेवणघरात एकटीने जाऊन बसायची सवय नव्हती. नाशिकला असताना मी एकटी कधी हॉटेलात बसले नव्हते, चहालासुद्धा. वाढणाऱ्या काकांनी खिडकीजवळचं दोन माणसांचं टेबल दाखवलं. एकटीच का, कुणी यायचंय का, असं काही विचारलं नाही. मसाला डोसा आला. त्याची कड कुरकुरीत होती आणि मधला भाग, जिथे बटाट्याची भाजी असते, तिथे तो मऊ पडलेला होता, अगदी असाच पडायला हवा तसा. सांबार गरम होतं. मी खाली मान घालून खात राहिले कारण डोळे भरले होते, आणि काकांनी न सांगता सांबाराची वाटी पुन्हा भरून ठेवली.

त्यानंतर दर गुरुवारी जायचा नेम झाला. पगार बेताचा होता, रोज परवडण्यासारखं नव्हतं. पण बाहेर त्याच रस्त्यावर जेवणाला जे पैसे पडायचे त्याच्या निम्म्यात इथे पोटभर व्हायचं. मिरचीची भजी हा तिथला खास पदार्थ, आख्ख्या हिरव्या मिरच्या बेसनात बुडवून तळलेल्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही, पण स्ट्रँडवर एखादा गोरा विद्यार्थी मित्रांशी पैज लावून ती मिरची चावतो आणि मग पाण्याचा जग तोंडाला लावतो, हे मी कितीतरी गुरुवारी पाहिलं.

जागेची माहिती मला हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी होत गेली. १९५१ साली इंडिया लीगच्या मंडळींनी हा क्लब काढला. इंडिया लीग म्हणजे स्वातंत्र्यासाठी इथे, साहेबाच्या राजधानीत, सभा घेणारी, पत्रकं वाटणारी, खासदारांना गाठणारी संघटना. तिचे कर्ते कृष्ण मेनन, स्वतंत्र भारताचे इथले पहिले उच्चायुक्त आणि पुढे आपले संरक्षणमंत्री. क्लबाच्या संस्थापकांत पंडित नेहरू आणि लेडी माउंटबॅटन ह्यांची नावं सांगितली जातात. शशी थरूर ह्यांचे वडीलही स्थापनेत होते, ते थरूर ह्यांनी स्वतः लिहिलं आहे. आधी क्लब क्रेव्हन स्ट्रीटवर होता, साठच्या दशकात स्ट्रँडवर आला. पाच मिनिटांवर ऑल्डविचला भारताच्या उच्चायुक्तालयाचं इंडिया हाउस, पलीकडे बुश हाउस. २०१२ पर्यंत बीबीसीची जागतिक सेवा तिथून चालायची. त्यामुळे दुपारी शेजारच्या टेबलावर कोण असेल ह्याचा नेम नसे. फायली घेऊन आलेले कारकून, हिंदी सेवेतले पत्रकार, किंग्ज कॉलेजची मुलं, कोर्टातून आलेले वकील, मधेच एखादे म्हातारे गृहस्थ जे १९५८ पासून येतोय असं सांगायचे. इथल्या भारतीय पत्रकारांच्या संघटनेच्या बैठका तिथे व्हायच्या. नव्वदच्या दशकात क्लब बंद पडायच्या बेताला आला होता, तेव्हा एका पारशी कुटुंबाने तो चालवायला घेतला. बाप गल्ल्याशी, मुलगी लहान असल्यापासून टेबलांमध्ये वावरणारी. पुढे तीच बापाबरोबर सगळं बघू लागली. मी तिला शाळकरी वयापासून पाहिलंय.

अण्णांचं मात्र इंडिया हाउसवरून वेगळंच झालं होतं. ते नाशिकहून निघतानाच ठरवून आले होते की इंडिया हाउस पाहायचं. सावरकरांचं भगूर आमच्यापासून जवळ, आणि विजयानंद थिएटरवरून शाळेत जाणारा मुलगा कुठली गोष्ट ऐकत मोठा होतो ते नाशिककरांना सांगायला नको. १९०९ च्या डिसेंबरात तिथे अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि ती पिस्तुलं लंडनच्या इंडिया हाउसमधून आलेली. मी त्यांना घेऊन ऑल्डविचला उतरले. ते त्या भव्य दगडी इमारतीसमोर हात मागे बांधून पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ, ही ती नव्हे."

बरोबर होतं त्यांचं. ऑल्डविचची इमारत हर्बर्ट बेकरची, १९३० ची. श्यामजी कृष्णवर्म्यांनी १९०५ साली विद्यार्थ्यांसाठी काढलेलं, सावरकर जिथे राहिले ते इंडिया हाउस हायगेटला, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर, ६५ नंबरच्या घरात. तिथे आता लोक राहतात, बाहेर एक निळी गोल पाटी आहे. इतकी वर्षं लंडनात राहून मला दोन इंडिया हाउसं आहेत हे माहीत नव्हतं. हायगेटला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. ऑल्डविचला गेलो त्या दिवशी मात्र पाऊस सुरू झाला, आईचे पाय दुखायला लागले, म्हणून मी दोघांना इंडिया क्लबात नेलं.

जिना चढताना आई दोनदा थांबली. वर पोचल्यावर अण्णांनी भिंती पाहिल्या, दादाभाईंच्या चित्रासमोर चष्मा पुसून उभे राहिले, मग खुर्चीत बसले आणि तो प्रश्न विचारला. जागा यांची स्वतःची का भाड्याची? माझं "हळू" ऐकून ते गप्प बसले नाहीत. वाढणाऱ्या काकांना त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलंच. काका म्हणाले, भाड्याची, साहेब, सगळं भाड्याचं. अण्णा डोशाचा तुकडा मोडत मला म्हणाले, "पन्नास वर्षं झाली म्हणतेस ना? मग एव्हाना घ्यायला हवी होती. मालक भला आहे तोवर ठीक असतं."

मी म्हटलं, अण्णा, डोसा गार होतोय.

२०१७ मध्ये बातमी आली की इमारतीच्या मालकांना ती काही प्रमाणात पाडून, वाढवून, नव्या धर्तीचं हॉटेल करायचं आहे. तोवर अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मी त्या रात्री इथल्या भूमिनोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर गेले आणि फी भरून त्या जागेचा उतारा काढला. इथे कुणीही कुणाच्याही जागेचा काढू शकतं. पीडीएफ उघडली. मालकाचं नाव, नोंदीची तारीख, हद्द लाल रेषेने दाखवलेला नकाशा. अण्णांचा तो आवडता कागद. त्यांनी तो हातात धरून आधी नकाशाची उत्तर दिशा पाहिली असती. मी तो छापून घेतला आणि अजून माझ्याकडे आहे. त्यात इंडिया क्लब हे शब्द कुठे नव्हते.

मग मोहीम सुरू झाली. बाप-लेकीने अर्ज तयार केला, सह्या गोळा केल्या. मी ग्रंथालयात, बसमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, जिथे माणूस भेटेल तिथे लोकांना सही करायला सांगत होते. मंडळात एक काकू म्हणाल्या, आपण कुठे जातो तिथे, ते तर पंजाबी जेवण. मी म्हटलं, काकू, तिथे डोसाही मिळतो आणि तो आपलाही नाही, तरी सही करा. त्यांनी केली. सव्वीस हजारांच्या वर सह्या जमल्या. वास्तूला वारसा दर्जा मिळावा म्हणून केलेला अर्ज फेटाळला गेला, पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, बांधकामाचा प्रस्ताव एकमताने नाकारला. महत्त्वाची सांस्कृतिक जागा जाईल, हे कारण त्यात होतं. आम्ही त्या गुरुवारी तिथे जाऊन मिरचीच्या भज्यांच्या दोन प्लेटी मागवल्या. पुढच्या वर्षी वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेने क्लबाच्या आठवणींचं प्रदर्शन भरवलं. जुन्या गिऱ्हाइकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. आम्हाला सगळ्यांना वाटलं, वाचलं.

इथे मला थोडं कामाचं बोलायचं आहे, कारण नंतर अनेकांनी मला विचारलं की परवानगी नाकारली होती तर मग बंद कसा झाला.

कौन्सिल ठरवतं ते इमारतीबद्दल. किती पाडायचं, किती मजले चढवायचे, कशासाठी वापरायची. भाडेकरू कोण असावा हे कौन्सिलच्या हातात नाही. तो मालक आणि भाडेकरू ह्यांच्यातला करार. धंद्याच्या जागेसाठी इथे १९५४ चा कायदा आहे. कराराची मुदत संपली तरी भाडेकरूला नवा करार मागायचा हक्क तो देतो, मात्र करार करतानाच दोघांनी ते संरक्षण सोडून दिलेलं नसेल तर. आणि संरक्षण असलं तरी मालक काही ठरावीक कारणांनी नकार देऊ शकतो. त्यातलं एक कारण मी कपाटातून काढून कितीतरी वकिलांच्या हातात दिलं आहे : मालकाला इमारत पाडायची किंवा तिच्यात मोठं बांधकाम करायचं आहे, आणि जागा रिकामी केल्याशिवाय ते होण्यासारखं नाही. हे कोर्टात पटलं की भाडेकरूला नुकसानभरपाई मिळते, जागा मिळत नाही. इंडिया क्लबाच्या करारात काय होतं ते मी सांगू शकत नाही, तो त्यांचा कागद. पण लंडनमधली जुनी जेवणघरं कशाच्या जोरावर उभी असतात ते ह्यावरून कळेल. त्यात २०२० पासून इंग्लंडमध्ये दुकान, ऑफिस, रेस्टॉरंट हे सगळं नियोजनाच्या एकाच वर्गात घातलं आहे. उद्या जेवणघराच्या जागी कपड्यांचं दुकान टाकायचं तर वापर बदलायची वेगळी परवानगी लागत नाही.

माझ्या मामेभावाचं गिरगावात छापखान्याचं दुकान होतं, पागडीचं, उपकरप्राप्त इमारतीत, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीत. तीही पुनर्विकासाला गेली. त्याने बिल्डरच्या नावाने किती वर्षं बोटं मोडली ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. भाड्याचे चेक थकले, दोन गणपती त्याने उसन्या जागेत काढले. पण नव्या इमारतीत जुन्या क्षेत्रफळाइतका गाळा त्याला मिळाला, कारण मुंबईत अशा इमारतींच्या नियमातच जुन्या भाडेकरूला परत जागा द्यायची तरतूद आहे. त्याचा गाळा आता रस्त्यावर नाही, मागच्या बाजूला आहे, छत बुटकं आहे, आणि लग्नपत्रिका छापून घ्यायला कुणी येत नाही. तरी पाटी तीच आहे. लंडनमध्ये तेवढंही नाही. इथे नवी इमारत झाली की जुना भाडेकरू तिच्या गणतीतच नसतो.

हे फक्त स्वस्त जागांचं होतं असंही नाही. रीजंट स्ट्रीटवरचं वीरास्वामी १९२६ चं, ह्या देशातलं चालू असलेलं सगळ्यात जुनं भारतीय रेस्टॉरंट. तिथे राजे-महाराजे जेवून गेले. मला तिथलं बिल पाहूनच घाम फुटतो. पण शंभरी तोंडावर आली असताना २०२५ मध्ये त्यांच्याही जागेच्या कराराचा प्रश्न उभा राहिलाच. आणि आमचं इथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, इंडिया क्लबापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठं. ते अजून चालू आहे, गणपती बसतो, कोजागिरीला दूध आटतं. डॉलिस हिलची इमारत मंडळाची स्वतःची आहे. अण्णांना मी तिथेही नेलं होतं. त्यांनी प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं, "शाबास" म्हणाले आणि मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये क्लबाने जाहीर केलं की १७ सप्टेंबर शेवटचा दिवस. इमारत नव्या हॉटेलासाठी हवी आहे, जागा खाली करायची आहे, आपण जवळपास नवी जागा शोधतो आहोत. बातमी भारतातल्या वर्तमानपत्रांतही आली. नाशिकहून बहिणीचा फोन आला, "अगं, तू सांगायचीस तेच का हे?"

शेवटच्या रविवारी मी एकटीच गेले. नवरा म्हणाला, रांग असेल, तुझा गुडघा. रांग होतीच. दारातून बाहेर, फुटपाथवरून लांब. समरसेट हाउसपासून पुढचा रस्ता आता पादचाऱ्यांचा केला आहे, तिथे गाड्या नाहीत. मधोमध सेंट मेरी ल स्ट्रँडचं चर्च, आजूबाजूला बाकं, झाडं. पूर्वी तिथून बसगाड्या जायच्या. रस्ता इतका शांत आणि देखणा झाला होता की मला पोटात धस्स झालं. अशा रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर डोसा कोण कशाला ठेवेल.

माझ्यापुढे एक मुलगा उभा होता. पाठीला सॅक, पायात नवे बूट. फोनवर आईशी बोलत होता, "न्हाई गं, रांगेत हाय, जेवून करतो फोन." कोल्हापूरकडचा बोल ऐकून मी विचारलं, "कुठला रे तू?" तो दचकून वळला. गडहिंग्लजचा. किंग्ज कॉलेजात एम.एस्सी. करायला येऊन दहा दिवस झाले होते. बातमी वाचली, जवळच आहे म्हणून आला. मला लगेच काकू म्हणायला लागला.

दीड तास लागला. जिन्यात रांग वळली तेव्हा सगळे पायरी-पायरीने वर सरकत होते. जे खाली उतरत होते त्यांना वाट द्यायला आम्ही भिंतीला चिकटायचो. उतरणाऱ्यांत एक सत्तरीच्या गोऱ्या बाई होत्या, भिंतीवरून हात फिरवत येत होत्या. त्या माझ्या पायरीवर आल्या, दोघींचे हात एकाच ठिकाणी टेकले. आम्ही काही बोललो नाही. मुलगा म्हणाला, काकू, वास मस्त येतोय.

वर जागा मिळेल तिथे बसवत होते. मला आणि त्या मुलाला एकाच टेबलाशी बसवलं, खिडकीजवळच्या. ज्या काकांनी पंचवीस वर्षांपूर्वी माझी सांबाराची वाटी भरली होती ते केव्हाच निवृत्त झाले होते. जो आला तो तरुण होता, घामाने डबडबलेला, सकाळपासून उभा. मुलाने मेन्यू उलटा-सुलटा केला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा काकू, काय खायचं. मी पहिल्यांदाच आलोय."

मी मिरचीची भजी आणि दोन मसाला डोसे सांगितले. भजी आली. त्याने गडहिंग्लजच्या माणसाला शोभेल तशी आख्खी मिरची एका घासात तोंडात टाकली, आणि त्याच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा जेवल्यासारखं काहीतरी आलं. मग इकडेतिकडे बघत, भिंतीवरच्या चित्रांकडे, छताकडे, रांगेतल्या लोकांकडे बघत त्याने विचारलं, "काकू, पण ही जागा ह्यांची स्वतःची नव्हती का?"

मी त्याच्या ताटलीत दुसरी मिरची ठेवली आणि त्याला अण्णांचं सांगायला लागले. नाशिकपासून सुरुवात केली. डोसे आले तरी माझं सांगून झालं नव्हतं, आणि रांगेतल्या माणसांना जागा द्यायची म्हणून आम्ही उरलेलं बोलणं जिना उतरता-उतरता पुरं केलं. शेवटच्या पायरीवर त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहून हात पुढे केला. मी तो धरून रस्त्यावर उतरले.